नव्याचा रोजा आणि मिस्पाची पंगत



रोश हशानाचे दोन दिवस सरले की तिश्रीच्या ३ तारखेला त्सोम गेदाल्याचा उपास येतो. ती तारीख शब्बाथला आली तर उपास रविवारी धरतात. पहाटेपासून चांदण्या दिसेपर्यंतचा हा लहानसा उपास. योम किप्पूर किंवा तिशा बेआव यांच्यासारखा त्याचा गाजावाजा होत नाही. घरातल्या तरुण मंडळींपैकी पुष्कळांना तो कधी येऊन गेला हेही कळत नाही. आपल्यापैकी जे औषधांवर आहेत त्यांना तर रब्बी स्वतःच उपास न धरण्यास सांगतात. तरी हा उपास कोणासाठी आहे आणि त्यातून काय घ्यायचे, हे नातवंडांना सांगायला उपाशी राहावे लागत नाही. ते काम आपण वडीलधाऱ्यांनी करायचे आहे.

कोकणात आपले पूर्वज या उपासाला गेदाल्याचे नाव देत नसत. ते त्याला ‘नव्याचा रोजा’ म्हणत. तिश्रीच्या पहिल्या तारखेला नव्याचा सण, मग नव्याचा रोजा, ४ तारखेला खिरीचा सण आणि १० तारखेला दरफाळणीचा सण, असा त्या महिन्याचा क्रम होता. खिरीच्या सणाला नव्या धान्याची, नारळाच्या रसातली गोड खीर होत असे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीवमध्ये छापल्या गेलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात या जुन्या मराठी नावांची नोंद आहे. त्या नावात गेदाल्याचा उल्लेख नाही. ज्या माणसामुळे हा रोजा पडला त्याची हकीकत म्हणूनच मुद्दाम सांगावी लागते. ती हकीकत वाईट संगतीची आहे, एका जेवणाची आहे, आणि वेळीच न घेतलेल्या सावधगिरीची आहे.

गेदाल्या कोण होता?

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम घेतले आणि बेत हमिकदाश जाळले. राजा सिदकियाहू याचे डोळे काढून त्याला साखळदंडांनी बाबेलला नेले. सरदार, कारागीर आणि मोठी घराणी पाडाव झाली. पण सगळेच लोक गेले नाहीत. सेनापती नबुजरदान याने देशातल्या गोरगरिबांना मागे ठेवले आणि त्यांना शेते व द्राक्षमळे दिले. या उरलेल्या लोकांवर बाबेलच्या राजाने एक यहुदी अधिकारी नेमला. त्याचे नाव गेदाल्या बेन अहीकाम बेन शाफान.

घराणे नामांकित होते. आजोबा शाफान हे योशियाहू राजाचे चिटणीस. इ.स.पू. ६२२ च्या सुमारास मंदिराच्या डागडुजीच्या वेळी तोराचा ग्रंथ सापडला, तो राजापुढे वाचून दाखवला तो याच शाफानने. वडील अहीकाम यांनी यिर्मयाहू संदेष्ट्याला जमावाच्या हातून मरता मरता वाचवले. चुलते गमर्याहू यांच्या मंदिरातल्या खोलीतच बारूखने यिर्मयाहूची गुंडाळी लोकांना वाचून दाखवली. १९८२ साली दावीदनगरातल्या खोदकामात मातीच्या ५१ मुद्रा सापडल्या, त्यांतल्या एकीवर गमर्याहू बेन शाफान हे नाव आहे. जी नावे आपण तानाखमध्ये वाचतो ती माणसे हाडामांसाची होती याची ती खूण.

यरुशलेम राखेत होते, म्हणून गेदाल्याने मिस्पा येथे ठाणे केले. यरुशलेमच्या उत्तरेस सुमारे १२ किलोमीटरवरील तेल एन-नस्बे ही टेकडी म्हणजेच मिस्पा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेथे विल्यम बादे यांनी १९२६ ते १९३५ या काळात उत्खनन केले. जाडजूड तट, घरे, टाकी असे पुष्कळ काही निघाले. १९३२ साली तेथील एका थडग्यात कोंबड्याचे चित्र कोरलेली, राजसेवक याजन्याहू याच्या नावाची मुद्रा सापडली. गेदाल्याला भेटायला आलेल्या सरदारांत याच नावाचा एक जण होता.

गेदाल्याचे बोलणे साधे होते. त्याने लोकांना सांगितले, की खास्द्यांच्या अमलाखाली राहायला भिऊ नका, द्राक्षे, उन्हाळी फळे आणि तेल गोळा करून भांड्यांत भरा, ज्या गावांत आहात तेथे नांदा. लढाईच्या वेळी मोआब, अम्मोन आणि अदोम या देशांत पळालेले यहुदी ही बातमी ऐकून परत येऊ लागले. त्या हंगामात द्राक्षारस आणि फळे मुबलक जमली, असे यिर्मयाहूच्या पुस्तकात नमूद आहे. मंदिर गेले, राजा गेला, तरी देशात चूल पुन्हा पेटली होती. आपल्यापैकी ज्यांनी १९५० च्या दशकात तंबूंच्या वस्तीत किंवा वाळवंटातल्या नव्या गावांत पहिला हंगाम काढला, त्यांना या वाक्याचे मोल निराळे सांगायला नको.

जेवणाच्या ताटावरचा घात

या परत आलेल्यांत यिश्माएल बेन नेतन्या होता. तो राजघराण्यातला होता. शेजारच्या अम्मोनचा राजा बालिस याने त्याला हाताशी धरले होते. (या राजाच्या सेवकाचा शिक्का १९८४ साली अम्मानच्या दक्षिणेस तेल अल-उमेरी येथे सापडला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.) राजवंशातल्या माणसाला एका चिटणिसाच्या नातवाच्या हाताखाली राहणे सलत असावे. अम्मोनच्या राजालाही शेजारी पुन्हा उभा राहिलेला नको असावा. पवित्र ग्रंथ कारण सांगत नाही, फक्त कृत्य सांगतो.

योहानान बेन कारेआह या सरदाराला हा कट कळला. इतर सरदारांना घेऊन तो गेदाल्याकडे आला आणि म्हणाला, की बालिसने यिश्माएलला तुझा जीव घ्यायला पाठवले आहे. गेदाल्याने विश्वास ठेवला नाही. मग योहानान एकटाच गुपचूप भेटला आणि त्याने तोड सुचवली. आपण जाऊन यिश्माएलला ठार मारतो, कोणाला कळणारही नाही. नाहीतर सगळे यहुदी पुन्हा पांगतील. गेदाल्याने त्याला अडवले आणि तू यिश्माएलबद्दल खोटे बोलतोस असे सुनावले.

सातव्या महिन्यात यिश्माएल दहा माणसे बरोबर घेऊन मिस्पाला आला. सगळे एका पंगतीला जेवायला बसले. जेवता जेवता तो आणि त्याची दहा माणसे उठली आणि त्यांनी गेदाल्याला तलवारीने मारले. तेथे हजर असलेले यहुदी आणि खास्दी शिपाईही मारले गेले. ज्याचे मीठ खाल्ले त्याचाच गळा कापला. आपल्या मराठीत खाल्ल्या मिठाला जागणे ही माणुसकीची पहिली पायरी मानतात. यिश्माएलने तीच मोडली.

पुढचा प्रसंग याहून भीषण आहे. दुसऱ्या दिवसापर्यंत गावाबाहेर कोणालाच काही कळले नव्हते. तेव्हा शखेम, शिलो आणि शोमरोन येथून ऐंशी यात्रेकरू आले. मंदिर जळल्याच्या शोकात त्यांनी दाढ्या काढल्या होत्या, कपडे फाडले होते. हातांत धान्याचे अर्पण आणि ऊद होते. यिश्माएल रडत रडत त्यांना सामोरा गेला आणि गेदाल्याकडे चला म्हणून त्यांना आत घेऊन आला. शहराच्या मध्यावर येताच त्याने आणि त्याच्या माणसांनी त्यांना कापून एका टाक्यात टाकले. दहा जण तेवढे वाचले. आमच्याकडे शेतात पुरून ठेवलेले गहू, जव, तेल आणि मध आहे असे त्यांनी सांगितले म्हणून. ते टाके सुमारे तीनशे वर्षांपूर्वी आसा राजाने शत्रूच्या भीतीने बांधले होते. लोकांच्या रक्षणासाठी खोदलेले टाके लोकांच्याच प्रेतांनी भरले.

त्या दहा जणांच्या सुटकेवरून मारेकऱ्यांचे मन कळते. राजघराण्याचा मान, देशाची अब्रू, जे काही कारण ते तोंडाने सांगत असतील ते असो. गहू आणि मध दिसताच तलवार थांबली. मिश्लेच्या पहिल्या अध्यायात शेलोमो राजाने नेमके हेच ओळखले आहे.

मिश्लेतला बाप काय सांगतो?

मिश्ले म्हणजे मराठी बायबलातली नीतिसूत्रे. त्यांच्या अगदी आरंभी बाप मुलाला पहिला धडा देतो तो संगतीचा. अभ्यास, धंदा, लग्न यांच्या गोष्टी मागून येतात. पापी माणसे तुला वळवू लागली तर कबूल होऊ नकोस, एवढे सांगून तो थांबत नाही. ती माणसे कशी बोलतात हे तो मुलाला बोलून दाखवतो. आधी आपुलकीचे बोलावणे येते, चल आमच्याबरोबर. मग आपण दबा धरू, ज्याने काही केले नाही अशा माणसाला गाठू, असे बेत सांगितले जातात. मग घरे लुटीने भरण्याची लालूच. आणि शेवटी, आपल्या सगळ्यांची थैली एकच असेल, असा बंधुभाव.

हे वाचताना ध्यानात येते, की दुष्ट माणूस मुलाला सैतानासारखा भेटत नाही. तो मित्रासारखा भेटतो. जो मुलगा घरात एकटा पडलेला असतो, ज्याला कोणी आपले म्हणत नाही, त्याला एका थैलीची भाषा फार गोड लागते. म्हणून बाप त्याला लुटीचा हिशेब समजावतो. पाखरांच्या डोळ्यांदेखत जाळे पसरले तर ते फुकट जाते, पण ही माणसे पाखराइतकीही शहाणी नाहीत, कारण ती स्वतःच्याच रक्तासाठी दबा धरून बसलेली असतात. जे दुसऱ्यासाठी खणले त्यात तीच पडतात. म्हणून त्यांच्या वाटेवर पाऊलही टाकू नकोस, एवढेच त्याचे सांगणे.

यिश्माएलच्या दहा माणसांना हा हिशेब लागू पडला. मिस्पातून राजकन्या आणि उरलेले लोक बंदी करून तो अम्मोनकडे निघाला. योहानान आणि इतर सरदारांनी त्याला गिवोनच्या मोठ्या पाण्यापाशी गाठले. आज अल-जीब या गावी असलेल्या या ठिकाणी जेम्स प्रिचर्ड यांनी १९५६ ते १९६२ या काळात उत्खनन केले; खडकात खोदलेली सुमारे १२ मीटर व्यासाची, ७९ पायऱ्यांची विहीर तेथे आजही पाहता येते. योहानानला पाहताच बंदिवान आनंदाने वळून त्याच्याकडे गेले. यिश्माएल पळाला तेव्हा त्याच्याबरोबर आठच माणसे होती. आला तेव्हा दहा होती. त्या दोघांचे काय झाले हे ग्रंथात लिहिलेले नाही आणि कोणाचीच नावे नाहीत. राजपुत्राच्या मागे जाणाऱ्यांना इतिहासात एक आकडा मिळाला, तोही दोनाने उणा.

मिश्लेच्या सोळाव्या अध्यायात हिंसक माणूस शेजाऱ्याला फूस लावून वाईट वाटेने नेतो असे म्हटले आहे. बाविसाव्या अध्यायात तापट माणसाशी मैत्री करू नकोस, नाहीतर त्याची वळणे शिकशील, असा इशारा आहे. आपले कोकणातले वडील हेच बैलांच्या भाषेत सांगत: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. तेलाच्या घाण्याला बैल जुंपणाऱ्या शनिवार तेल्यांना ही म्हण कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

संगतीच्या आणखी दोन गोष्टी

शोफ्तीमच्या म्हणजे शास्त्यांच्या पुस्तकात गिदोनचा मुलगा अवीमेलेख याची गोष्ट आहे. त्याला राजा व्हायचे होते. शखेमच्या लोकांनी बाल-बरीथच्या देवळातून त्याला सत्तर रौप्य दिले आणि त्या पैशांत त्याने रिकामटेकडी, बेपर्वा माणसे भाड्याने घेतली. त्यांना घेऊन त्याने आपले सत्तर भाऊ एका दगडावर मारले. म्हणजे एका भावाच्या जिवाला एक रुपया. सर्वांत धाकटा योताम तेवढा लपून वाचला. तीन वर्षांनी अवीमेलेख आणि शखेमकर एकमेकांवर उलटले. त्याने शखेम उद्ध्वस्त केले, आणि पुढे तेवेस येथे एका बाईने बुरुजावरून टाकलेल्या जात्याच्या तळीने त्याची कवटी फुटली. ज्यांनी पैसे पुरवले ते आणि ज्याने घेतले तो, सगळे एकाच आगीत गेले.

दुसरी गोष्ट दावीदची. शाऊलच्या भीतीने तो अदुल्लामच्या गुहेत राहिला तेव्हा त्याच्याकडे सुमारे चारशे माणसे जमली. ती कर्जबाजारी, गांजलेली आणि मनाने कडू झालेली होती. वरवर पाहता अवीमेलेखच्या टोळीत आणि या टोळीत फार फरक नव्हता. पण दावीद त्यांना आवरत होता. शाऊल गुहेत हाती सापडला तेव्हा त्याच्या माणसांनी घाव घालायला सुचवले आणि दावीदने त्यांना थोपवले. पुढे नावालने अपमान केला तेव्हा मात्र दावीदचेच डोके फिरले आणि तो चारशे जणांसह तलवार बांधून निघाला. त्या वेळी अवीगायल या बाईने भाकरी, द्राक्षारस आणि अंजिरांच्या ढेपा घेऊन वाटेत त्याला गाठले आणि रक्तपाताचा डाग अंगाला लावून घेऊ नकोस असे समजावले. दावीदने तिचे आभार मानले.

गरिबी, कर्ज किंवा मनातला कडवटपणा एवढ्यावरून माणूस टाकाऊ ठरत नाही, हे या गोष्टीवरून कळते. आपल्या पूर्वजांनाही कोणी त्यांच्या कपड्यांवरून किंवा कातडीच्या रंगावरून जोखलेले आवडले नसते. पाहायचे ते एवढेच, की त्या मंडळीत रक्तपाताला नाही म्हणणारा कोणी आहे का आणि त्याचे ऐकले जाते का. यिश्माएलच्या दहा जणांत तसा एकही निघाला नाही.

गेदाल्याचे चुकले कोठे?

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. गेदाल्या सज्जन होता. लाशोन हारा, म्हणजे चहाडी, ऐकून माणसाला दोषी धरू नये ही तोराची शिकवण त्याने पाळली. योहानानने सुचवलेला गुप्त खून त्याने नाकारला, तेही योग्यच केले. साक्ष नाही, चौकशी नाही आणि माणूस मारायचा, हे न्यायात बसत नाही. मग त्याला बोल कशासाठी?

तलमूदच्या निद्दा या भागात हाखामांनी यावर विचार केला आहे. यिर्मयाहूच्या पुस्तकात ते टाके गेदाल्याच्या हातून मेलेल्यांनी भरले अशा अर्थाचे शब्द येतात. हाखाम विचारतात, गेदाल्याने कोठे मारले? मारले तर यिश्माएलने. त्यावर त्यांचे उत्तर असे, की योहानानच्या सल्ल्याची दखल त्याने घ्यायला हवी होती. ती घेतली नाही म्हणून जणू त्यानेच मारले असे लिहिले गेले. आणि रावा या हाखामाने नियम सांगितला, की चहाडी खरी मानू नये, पण तिच्यापासून सावध मात्र राहावे.

याच ठिकाणी रब्बी तार्फोन यांची गोष्ट येते. गालीलच्या काही लोकांवर खुनाची वदंता उठली होती. ते तार्फोनकडे येऊन आम्हाला लपवा म्हणू लागले. तार्फोन पेचात पडले. न लपवावे तर शत्रू त्यांना गाठतील. लपवावे तर हाखामांनी सावध राहायला सांगितले आहे. शेवटी त्यांनी त्या लोकांना आपले आपण लपायला सांगितले. त्यांनी त्यांना खुनी ठरवले नाही, कोणाच्या हवाली केले नाही, आणि आपल्या घरातही घेतले नाही. पुढे १८७३ साली छापलेल्या ‘हाफेत्स हाईम’ या लाशोन हाराविषयीच्या ग्रंथातही हा नियम घेतला आहे.

गेदाल्यापुढे दोनच वाटा आहेत असे योहानानला वाटले: मार किंवा मर. गेदाल्यालाही तसेच वाटले: एक तर योहानान खोटा, नाहीतर यिश्माएल खुनी. मधली वाट दोघांनाही दिसली नाही. दारावर पहारा ठेवता आला असता. दहा हत्यारबंद माणसांना पंगतीला न बसवता बाहेर थांबवता आले असते. तलवारी उतरवून या, असे सांगता आले असते. यिश्माएल निरपराध असता तर त्याचे काही बिघडले नसते. अपराधी असता तर शेकडो जीव वाचले असते. मिश्लेच्या सव्विसाव्या अध्यायातही द्वेष करणारा गोड बोलू लागला तर भुलू नका, असे आहे. यात्रेकरूंपुढे यिश्माएल जे रडला ते याच जातीचे.

एका पंगतीची किंमत

गेदाल्या गेला आणि योहानानने सांगितले होते तेच झाले. बाबेलचा राजा सूड घेईल या भीतीने उरलेले लोक बेत-लेहेमजवळ जमले आणि मिसरला पळायच्या तयारीला लागले. त्यांनी यिर्मयाहूला देवाची इच्छा विचारायला सांगितले. दहा दिवसांनी उत्तर आले, की देशातच राहा, भिऊ नका. त्यांनी ऐकले नाही. लोक मिसरमधल्या तहपन्हेसला गेले आणि यिर्मयाहू व बारूख यांनाही बरोबर घेऊन गेले. नबुखद्नेस्सरच्या तेविसाव्या वर्षी आणखी ७४५ यहुदी पाडाव करून नेल्याची नोंद यिर्मयाहूच्या शेवटच्या अध्यायात आहे. ती शिक्षा याच खुनाबद्दलची असावी असे अनेक अभ्यासक म्हणतात. खास्द्यांनी मंदिर जाळले होते. देशातली शेवटची चूल मात्र आपल्याच माणसाने विझवली.

म्हणूनच तलमूदच्या रोश हशाना या भागात हाखामांनी म्हटले, की या उपासाचा अर्थ असा, की सज्जनाचा मृत्यू देवाचे घर जळण्याइतकाच मोठा आहे. इ.स.पू. ५१८ मध्ये, परत आलेल्या लोकांनी जखर्या संदेष्ट्याला या उपासांविषयी विचारले. त्याच्या उत्तराचा सारांश असा, की पुढे हे उपास आनंदाचे सण होतील. मात्र एकमेकांशी खरे बोला, वेशीवर शांतीचा न्याय करा आणि मनात शेजाऱ्याचे वाईट चिंतू नका.

आपण ज्या देशात राहतो तेथे ही गोष्ट जुनी राहिलेली नाही. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी तेल अवीवच्या चौकात पंतप्रधान यित्झाक राबिन यांच्यावर एका यहुदी तरुणाने गोळ्या झाडल्या. तेव्हापासून त्सोम गेदाल्याच्या दिवशी त्यांचे नाव अनेकांच्या तोंडी येते. राबिन यांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो, आपल्या माणसावर आपल्याच माणसाचा हात उठला की काय होते, हे मिस्पाने अडीच हजार वर्षांपूर्वी दाखवले आहे.

आपल्या नातवंडांपर्यंत चल आमच्याबरोबर हे बोलावणे आज हातातल्या फोनमधूनही पोहोचते. झटपट पैसा, एक थैली, आपल्या विरुद्ध असलेल्यांना धडा शिकवण्याचा बेत. शब्द बदलले, सूर तोच आहे. नातू नव्या मित्रांबद्दल बोलू लागला तर त्याला लगेच झिडकारू नये आणि त्या मित्रांना ऐकीव गोष्टींवरून चोर ठरवू नये. पण ते कोठे भेटतात, पैसे कोठून येतात, कोणाला मारायच्या गोष्टी करतात का, हे विचारावे. विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे. गेदाल्याने एवढे विचारले असते तर पुरे होते. आणि मुलाला घरच्या पंगतीत जागा असू द्यावी. ज्याला घरी कोणी आपले म्हणते त्याला परक्या थैलीचे आकर्षण कमी वाटते.

कोकणात रोजा सोडल्यावर दुसऱ्या दिवशी खिरीचा सण होई. आताही ज्यांना जमेल त्यांनी त्या दिवशी नारळाच्या रसातली खीर करावी, मुलानातवंडांना जेवायला बोलवावे आणि खीर वाढता वाढता गेदाल्याची ही हकीकत सांगावी. मराठीत सांगता आली तर उत्तम, हिब्रूत सांगितली तरी चालेल.

सर्व वाचकांना शाना तोवा आणि गमार हतिमा तोवा.